तान्ह्या बाळाला समुद्र दाखवताना: कोकणच्या पुळणीवरचा पहिला तास

तान्हे बाळ घेऊन पुण्याहून कोकणात निघालेले कुटुंब बहुधा पहाटे सहाला घर सोडते, घाटाच्या अलीकडे नाश्त्याला थांबते, घाटात दोनदा लंगोट बदलते आणि साडेअकराच्या सुमारास किनाऱ्यावर पोहोचते. इतका प्रवास करून आल्यावर खोलीत पडून राहण्याची कोणाचीच तयारी नसते, त्यामुळे बाळाला टोपडे बांधून सगळे तसेच पुळणीवर उतरतात. डोक्यावर ऊन, पायाखाली तापलेली वाळू, समोर डोळे दिपवणारे पाणी आणि कानात घोंगावणारा वारा अशा अवस्थेत बाळ पाच मिनिटांत भोकाड पसरते आणि ‘आमच्या बाळाला समुद्र आवडत नाही’ असा निष्कर्ष काढून मंडळी परततात. माझी मुलगी पाच महिन्यांची असताना दापोलीजवळच्या कर्दे किनाऱ्यावर आम्ही नेमके हेच केले. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला तिला त्याच जागी नेले, तेव्हा ती वीस मिनिटे लाटांकडे टक लावून पाहत राहिली.

या लेखाचा बराचसा भाग म्हणूनच वेळेविषयी आहे. बाळाला समुद्र दाखवायचा म्हणजे दोन दिवसांच्या मुक्कामातून एक-दीड तास नीट निवडायचा आणि बाकीची तयारी त्या तासाभोवती बेतायची, असे माझे मत आहे. पुढील सूचना साधारण तीन महिन्यांपासून एक वर्षापर्यंतच्या बाळांसाठी असून त्या महाराष्ट्राच्या किनाऱ्याला धरून लिहिल्या आहेत.

पहिली पायरी: वय आणि डॉक्टरांचा सल्ला

आपल्याकडे सव्वा महिना होईपर्यंत बाळ-बाळंतिणीला घराबाहेर न काढण्याची रीत आहे. समुद्राच्या बाबतीत ही मर्यादा आणखी पुढे न्यावी. राष्ट्रीय लसीकरणात जन्मानंतर सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात लसी दिल्या जातात. चौदाव्या आठवड्याची फेरी झाल्यावर प्रवास आखणे मला योग्य वाटते, कारण तोवर बाळाची मानही बऱ्यापैकी धरलेली असते आणि दूध पिण्याच्या वेळांना काहीतरी शिस्त आलेली असते. लस दिल्यावर एक-दोन दिवस ताप येऊ शकतो, त्यामुळे लस आणि प्रवास यांत किमान तीन-चार दिवसांचे अंतर ठेवावे. बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मलेले असेल, त्याचे वजन कमी असेल किंवा त्याला हृदयाचा अथवा श्वसनाचा त्रास असेल, तर निर्णय बालरोगतज्ज्ञांवर सोडावा.

एक गैरसमज येथेच दूर करावा. ‘कोवळ्या उन्हात न्यावे, ड जीवनसत्त्व मिळते’ हे घरातल्या मोठ्यांचे म्हणणे प्रेमाचे असले तरी त्यासाठी समुद्रकिनाऱ्याची गरज नाही. पहिल्या वर्षी बाळांना रोज ४०० एककांचे ड जीवनसत्त्वाचे थेंब देण्याचा सल्ला बालरोगतज्ज्ञ देतात, आणि ते थेंब घरबसल्या देता येतात. अंगाला लावलेले खोबरेल तेल उन्हापासून रक्षण करते, हाही समज चुकीचा आहे. सावळ्या कातडीचे बाळ उन्हाने भाजत नाही, हे तर त्याहून चुकीचे आहे.

दुसरी पायरी: तिथी पाहून दिवस ठरवणे

हंगाम निवडणे सोपे आहे. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरीपर्यंत कोकण बाळांना मानवते. एप्रिल-मे महिन्यांत हवेतील दमटपणामुळे मोठी माणसेही हैराण होतात, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत खवळलेल्या समुद्राजवळ तान्हे बाळ नेण्याचे काही कारण नाही.

त्या हंगामातला नेमका दिवस ठरवताना मात्र भिंतीवरच्या दिनदर्शिकेतील तिथी पाहावी. किनाऱ्यावरचे लोक भरतीची वेळ काढण्यासाठी एक जुना हिशेब वापरतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी, येणारा आकडा म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी आणि पहाटे तीनच्या सुमारास भरती. अष्टमीला सहा वाजता भरती. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा हिशेब शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना लागू पडतो. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती बारा वाजून गेल्यावर येते, तर हिशेबाने सव्वाअकरा येतात, कारण रोजचा खरा फरक पाऊण तासाहून थोडा जास्त असतो आणि पंधरवड्याच्या अखेरीस ही तूट साचते. तेव्हा दिवस ठरवण्यापुरता हा हिशेब वापरावा आणि तेथे पोहोचल्यावर भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यातून किंवा यजमानांना विचारून नेमकी वेळ पक्की करावी.

आता याचा बाळाशी काय संबंध? ओहोटीच्या वेळी पाणी दूर गेलेले असते, ओली आणि घट्ट वाळू मोकळी पडलेली असते, बाळगाडी ढकलता येते, आणि लाटा आपल्या चटईपासून लांब असतात. भरतीच्या वेळी तेच पाणी सुरूच्या झाडांपर्यंत येऊन ठेपते, बसायला उरते ती तापलेली भुसभुशीत वाळू, आणि चटई दर दहा मिनिटांनी मागे सरकवावी लागते. द्वितीयेपासून चतुर्थीपर्यंतच्या दिवसांत भरती दुपारी दीड ते तीनच्या दरम्यान येते, म्हणजे सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओहोटी असते आणि संध्याकाळी पाचनंतर पाणी उतरत असते. दोन्ही वेळा सोयीच्या असल्याने बाळासाठी मला हेच दिवस उत्तम वाटतात. पंचमी-षष्ठीला फक्त सकाळ धरावी. नवमीपासून द्वादशीपर्यंत संध्याकाळी पाणी चढत असते, आणि एकादशीच्या आसपास सकाळीही भरती असते, तेव्हा हे दिवस शक्यतो टाळावेत. सुट्टी त्याच दिवसांत मिळत असेल तर किनाऱ्याच्या वरच्या अंगाला, झाडांच्या रांगेत बसून समुद्र पाहावा.

सकाळ घ्यावी की संध्याकाळ, हा प्रश्न राहतो. सूर्यास्त पाहण्याची हौस सर्वांना असते, पण बाळासाठी मी सकाळच्या बाजूने आहे. आपला किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे. त्यामुळे सकाळी सूर्य पाठीमागच्या डोंगरांच्या आणि वाड्यांच्या बाजूने वर येतो, सुरूच्या आणि माडांच्या सावल्या पुळणीवर लांबवर पडतात, आणि पाण्याकडे पाहताना डोळे दिपत नाहीत. संध्याकाळी तेच ऊन थेट चेहऱ्यावर आणि पाण्यावरून परतून पुन्हा चेहऱ्यावर येते. वाऱ्याचेही तसेच आहे. शाळेत शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे येथे प्रत्यक्ष भेटतात: समुद्रावरून येणारे खारे वारे दुपारी जोर धरतात आणि कोरडी वाळू उडवतात, तर पहाटे जमिनीवरून समुद्राकडे जाणारा मतलई वारा गार पण मंद असतो. जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, त्यामुळे साडेसात ते नऊ हा काळ धरावा आणि निघताना बाळाच्या अंगात एक पातळ स्वेटर असू द्यावा. परतण्याची वेळ घड्याळाऐवजी सावलीवरून ठरवली तरी चालते. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड झाली की उन्हातले अतिनील किरण तीव्र झाले असे समजून उठावे.

तिसरी पायरी: किनारा आणि मुक्काम

बाळासाठी किनारा निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात: झाडांची सावली पुळणीला लागून आहे का, उतार मंद आहे का, आणि राहण्याची खोली पाच-दहा मिनिटांच्या चालण्यावर आहे का. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण बाळाचा मूड बिघडल्यावर गाडी काढून जाण्याइतका वेळ आपल्या हाती नसतो. अलिबागजवळचे किहीम, आक्षी आणि नागाव, श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर, दापोलीजवळचे मुरूड आणि कर्दे, आणि त्याखाली गुहागर या ठिकाणी किनाऱ्यालगत झाडी आहे आणि घरगुती निवासाची सोयही आहे. मुरूड नावाचे दोन किनारे आहेत, एक रायगड जिल्ह्यात जंजिऱ्याजवळ आणि दुसरा रत्नागिरी जिल्ह्यात हर्णैजवळ. नोंदणी करताना दोहोंची गल्लत करून चुकीच्या गावी पोहोचलेली माणसे मी पाहिली आहेत. हरिहरेश्वरचा खडकाळ प्रदक्षिणा मार्ग किंवा गणपतीपुळ्याचे पाणी बाळ कडेवर असताना मनातून काढून टाकावे. तेथे देवदर्शन करावे आणि समुद्र दुरून पाहावा. मुंबईकरांना जुहू आणि गिरगाव जवळ असले तरी तेथील गर्दी आणि पाण्याची अस्वच्छता पाहता बाळाला वाळूवर उतरवण्याचा आग्रह धरू नये. गोव्याला जाणार असाल तर तेथील मोठ्या किनाऱ्यांवर जीवरक्षक असतात, आणि लाल बावटा दिसला तर त्या बाजूला पाण्याजवळ जाऊ नये.

खोली ठरवताना फोनवरच चार प्रश्न विचारावेत: खोलीत मच्छरदाणी बांधता येते का, आंघोळीला गरम पाणी किती वाजता मिळते, विहिरीचे पाणी मचूळ आहे का, आणि सकाळी सहाला बाळासाठी गुरगुट्या भात किंवा नाचणीची पेज करून मिळेल का. घरगुती निवास चालवणाऱ्या काकू या चौथ्या प्रश्नाने सहसा खूश होतात. जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा ग्रामीण रुग्णालय कोठे आहे, हेही निघण्यापूर्वी विचारून ठेवावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक महाराष्ट्रभर चालतो.

चौथी पायरी: प्रवास

प्रवासाविषयी फार सांगण्यासारखे नाही. गाडीत बाळाची स्वतंत्र खुर्ची मागच्या सीटवर, मागे तोंड करून बसवावी, आणि वळणे कितीही असली तरी चालत्या गाडीत बाळाला पाजण्यासाठी खुर्चीतून काढू नये. दर दोन तासांनी गाडी थांबवून पाजावे. ताम्हिणी, वरंध किंवा कुंभार्ली, कोणताही घाट असो, गाडी लागण्याचा त्रास तान्ह्या बाळाला क्वचितच होतो, तो होतो आईला, त्यामुळे आलेपाक तिच्यासाठी जवळ ठेवावा. मुंबईहून अलिबागकडे जाणाऱ्यांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट सोयीची पडते. सुमारे तासाभरात गाडीसह पलीकडे पोहोचता येते, आणि त्या तासात बाळाला मांडीवर मोकळे पडता येते. बाळासह आतल्या दालनात बसावे. वरच्या डेकवर वारा भणाणत असतो आणि हिवाळ्यात कुरव पक्ष्यांना खाऊ घालणाऱ्यांची झुंबड असते.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीत बाळाला एक मिनिटही एकटे ठेवू नये. बंद गाडीतील तापमान पहिल्या दहा मिनिटांतच सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढते, आणि काच थोडी उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. पोहोचलेल्या दिवशी बाळाला आंघोळ घालून, पाजून निजवावे आणि समुद्र दुसऱ्या दिवसासाठी ठेवावा.

पाचवी पायरी: कपडे आणि पिशवी

कपड्यांत आपल्याकडच्या जुन्या वस्तूच उपयोगी पडतात. टोपडे डोके झाकते, पण मानेचा मागचा भाग उघडा राहतो. त्यापेक्षा पातळ सुती कापडाची कुंची चांगली, कारण ती मानेवरून पाठीवर उतरते. चेहऱ्यावर सावली पडण्यासाठी रुंद काठाची टोपीही सोबत असावी. झबले मलमलीचे, पूर्ण बाह्यांचे आणि सैल असावे. मोजे आणि हातमोजे घालू नयेत, कारण बाळाच्या शरीरातील उष्णता बाहेर पडण्याची जागा त्याने कमी होते.

सनस्क्रीनबाबत नियम सोपा आहे. सहा महिन्यांपर्यंत कपडे आणि सावली यांवरच भिस्त ठेवावी, आणि सावली मिळण्याची शक्यताच नसेल तेव्हाच चेहरा, हाताचे पंजे अशा उघड्या जागी अगदी थोडे मलम लावावे. सहा महिन्यांनंतर झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असलेले, ३० किंवा त्याहून अधिक एसपीएफचे मलम निघण्यापूर्वी पंधरा ते तीस मिनिटे लावावे आणि दर दोन तासांनी पुन्हा लावावे. नवे मलम आदल्या दिवशी दंडावर थोडेसे लावून पुरळ येत नाही ना, हे पाहून घ्यावे.

पिशवीत पुढील गोष्टी असाव्यात: एक सोलापुरी चादर आणि एक चटई, मोठी छत्री, तीन जादा दुपटी, दोन जादा झबली, डायपर आणि ते गुंडाळून परत आणण्यासाठी घट्ट बंद होणाऱ्या पिशव्या, हात आणि पाय धुण्यासाठी दोन लिटर गोडे पाणी, मऊ टॉवेल, तापमापक, आणि डॉक्टरांनी बाळाच्या वजनानुसार लिहून दिलेले तापाचे औषध. घरोघरी असते ती बाळावर पालथी घालायची मच्छरदाणीची छत्री माशांसाठी उत्तम आहे, पण तिची सावली पडत नाही हे लक्षात ठेवावे. खेळणी नेऊ नयेत, त्यांची गरज पडत नाही.

सहावी पायरी: पुळणीवर बसणे

जागा निवडताना माडाखाली कधीही बसू नये. नारळ किंवा वाळलेली झावळी पूर्वसूचना देऊन पडत नाही. सुरूची सावली विरळ असली तरी त्या दृष्टीने बरी असते. तिच्याखाली काटेरी बोंडे आणि लाल मुंग्या असतात, त्यामुळे जागा झाडून आधी चटई आणि तिच्यावर चादर अंथरावी. आपल्या चटईपासून ओल्या वाळूची शेवटची रेघ पन्नास-साठ पावलांवर असावी. पुळणीवर धावणाऱ्या घोडागाड्या, चारचाकी वाळूबाईक आणि कधीकधी थेट वाळूत उतरवलेल्या मोटारी यांचाही विचार करावा आणि त्यांच्या मार्गापासून दूर, झाडांना पाठ लावून बसावे.

सावलीतही ऊन पोहोचते, हे लोक विसरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार कोरडी वाळू सुमारे १५ टक्के आणि समुद्राचा फेस सुमारे २५ टक्के अतिनील किरण परावर्तित करतो. म्हणून छत्री असली तरी टोपी काढू नये, आणि छत्री सूर्याबरोबर सरकवत राहावे. बाळगाडीवर ऊन लागते म्हणून दुपटे टाकून ती पूर्ण झाकण्याची पद्धत मात्र घातक आहे, कारण आत हवा खेळत नाही आणि तापमान झपाट्याने वाढते. साडीची झोळी दोन सुरूंना बांधून बाळाला झोपवण्याचा मोह मलाही झाला होता. झोळीत बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वास कोंडू शकतो, त्यामुळे झोपलेल्या बाळाला सपाट चटईवर उताणे ठेवून एका मोठ्या माणसाने त्याच्याजवळ बसून राहावे, हेच योग्य. बाळ अंगाला बांधून फिरणार असाल तर त्याचा चेहरा सतत दिसला पाहिजे आणि नाक-तोंड कापडाने झाकलेले नसावे.

तान्ह्या बाळाला घाम कमी येतो आणि वजनाच्या मानाने त्याच्या कातडीचे क्षेत्र मोठे असते, त्यामुळे ते आपल्यापेक्षा लवकर तापते आणि लवकर गारही पडते. हातपायांना हात लावून अंदाज घेऊ नये, ते वाऱ्याने गार असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर बोटे ठेवून पाहावीत. मान गरम आणि चेहरा लाल झाला असेल, बाळ चिडचिडे झाले असेल, तर लगेच सावलीतून खोलीत न्यावे, जादा कपडे काढावेत, ओल्या कापडाने अंग पुसावे आणि पाजावे. बाळ मलूल पडले, दूध नाकारू लागले किंवा उलट्या करू लागले, तर डॉक्टर गाठावेत. तीन महिन्यांच्या आतील बाळाचा ताप ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही.

पाजण्याविषयी सर्वांत मोठी चूक आपुलकीपोटी होते. किनाऱ्यावर कोणीतरी शहाळे फोडते आणि ‘बाळाला दोन चमचे द्या, गार असते’ असे सांगते. सहा महिन्यांच्या आत बाळाला शहाळ्याचे पाणी, साधे पाणी, ग्लुकोजचे पाणी यांपैकी काहीही देऊ नये. आईच्या दुधाचा बहुतांश भाग पाणीच असतो आणि गरमीतही तेवढे पुरते, फक्त नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावे. शहाळे आईने प्यावे. तिला त्याची खरी गरज असते. वरचे दूध घेणाऱ्या बाळासाठी उकळलेले गरम पाणी थर्मासमध्ये आणि पावडर वेगळ्या डबीत न्यावी, दूध ऐनवेळी कालवावे आणि उरलेले टाकून द्यावे. सहा महिन्यांनंतर घोटघोट पाणी देता येते. ओले डायपर मोजत राहावेत. चोवीस तासांत सहापेक्षा बरेच कमी झाले, तर पाणी कमी पडत आहे असे समजावे. मासळी किंवा इतर नवा पदार्थ बाळाला पहिल्यांदा चाखवण्यासाठी प्रवासाचे दिवस निवडू नयेत, आणि वर्षाच्या आत मध तर देऊच नये.

सातवी पायरी: पाण्याची ओळख

सहा महिन्यांच्या आतील बाळाला समुद्रात बुडवून काढण्याची गरज नाही. पाणी आपल्याला कोमट वाटले तरी बाळाच्या अंगाला ते गार असते, आणि ओल्या अंगावर वारा लागला की ते आणखी गारठते. मोठ्या माणसाने बाळाला छातीशी धरून, ओसरलेल्या लाटेने ओल्या झालेल्या वाळूवर उभे राहावे आणि फेस घोट्यापर्यंत येऊ द्यावा. यापेक्षा पुढे जाऊ नये, कारण परतणारी लाट पायाखालची वाळू ओढून नेते आणि हातात बाळ असताना तोल सावरायला हात मोकळा नसतो. तोंड नेहमी समुद्राकडे असावे. पाठ करून फोटो काढण्याचा आग्रह करणाऱ्या नातेवाइकांना येथे ठाम नकार द्यावा.

सहा महिन्यांनंतर बाळाची पावले ओल्या वाळूला टेकवून पाहावीत. काही बाळे लगेच पाय आखडून घेतात, त्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत सोडून द्यावे. रांगणाऱ्या बाळासाठी ओहोटीनंतर वाळूत साचून राहिलेली उथळ डबकी खूप मजेची असतात, मात्र बाळ काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकते, म्हणून हाताच्या अंतरापलीकडे जाऊ नये. हवा भरलेली रबरी चाके आणि तराफे समुद्रात वापरू नयेत. किनाऱ्यावर पडलेल्या जेलीफिशला, ती मेलेली दिसली तरी, हात लावू देऊ नये. तिचे तंतू नंतरही दंश करतात.

आठवी पायरी: वाळू

बाळ वाळू खाणार, हे गृहीत धरावे. चिमूटभर वाळू पोटात गेली तर ती सहसा तशीच शीमधून बाहेर पडते. काळजी असते ती शिंपल्याचे तुकडे, काचा, मासेमारीचे गळ आणि कुत्र्यांची विष्ठा यांची. म्हणून बाळाला कोरड्या वरच्या वाळूपेक्षा लाटेने धुतलेल्या ओल्या वाळूजवळ बसवावे आणि त्याआधी आपण स्वतः हाताने ती जागा चाचपून घ्यावी. तोंडात गेलेली वाळू ओल्या स्वच्छ कापडाने बोटावर गुंडाळून पुसून काढावी. डोळ्यात वाळू गेली तर बाळाचे हात धरावेत, डोळा चोळू देऊ नये, आणि डोके एका अंगाला कलते करून नाकाकडून बाहेरच्या बाजूला गोड्या पाण्याची बारीक धार सोडावी. डोळा लाल राहिला किंवा उघडेना, तर डॉक्टरांना दाखवावे.

नववी पायरी: परत खोलीवर

दीड तास झाला की बाळ खेळत असले तरी उठावे. किंबहुना ते खेळत असतानाच उठावे, रडू लागेपर्यंत थांबू नये. अंगावरची वाळू ओली असताना चोळू नये, कातडी सोलवटते. ती सुकू द्यावी आणि मग मऊ टॉवेलने हलकेच झटकावी. खोलीवर आल्यावर डायपर आधी काढावा, कारण सर्वांत जास्त वाळू तेथे, जांघेत आणि मानेच्या वळ्यांत साचलेली असते. कोमट गोड्या पाण्याने आंघोळ घालावी, साबण अगदी थोडा वापरावा, आणि वळ्या टिपून कोरड्या कराव्यात. तेथे पावडर भुरभुरू नये, तिचे कण बाळाच्या श्वासात जातात. काही वेळा कोकणच्या किनाऱ्यावर समुद्रातून आलेल्या तेलाचे काळे चिकट गोळे पडलेले असतात आणि पायाला किंवा दुपट्याला चिकटतात. ते साबणाने निघत नाहीत. खोबरेल तेल लावून कापसाने पुसले की सहज सुटतात.

वाऱ्याने, उजेडाने आणि इतक्या नव्या आवाजांनी दमलेले बाळ आंघोळीनंतर लांब झोप घेते. त्या झोपेत त्याला उठवून जेवायला न्यायची घाई करू नये, आळीपाळीने जेवावे. संध्याकाळ झाल्यावर डासांसाठी मच्छरदाणी लावावी, अगरबत्ती किंवा कॉइलचा धूर बाळाच्या खोलीत करू नये.

दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे असेल तर ओहोटी सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येणार आहे, हे ध्यानात ठेवून निघण्याची वेळ ठरवावी. आदल्या दिवशी आठला पाणी सर्वांत दूर असेल, तर आज पावणेनऊनंतर असेल. ऊन मात्र कालच्याच वेळी चढणार असल्याने आपला तास थोडा आखूड होतो. अशा वेळी पाणी दूर जाण्याची वाट न पाहता साडेसातलाच जाऊन बसावे. पाणी तेव्हा उतरतच असते.